पुण्यांतील सर्रा-संशोधन आणि सजीव प्रतींची परंपरा

ऐतिहासिक साधन म्हटलें कीं कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं एवढींच आपल्या डोळ्यांसमोर येतात. विज्ञानाच्या इतिहासांत मात्र याखेरीज आणखी एका प्रकारचें साधन असतें. प्रयोगशाळेंत पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेला रोगजंतूंचा वंश हें तें साधन होय. हें साधन जिवंत असल्यामुळें तें राखण्याची रीत निराळी, आणि तें बिघडण्याची रीतहि निराळी. कीटकांच्या दंशानें पसरणारे एकपेशीय परोपजीवी जंतु प्रयोगशाळेंत कसे वाढविले व जतन केले गेले, याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. या इतिहासाचें एक आरंभींचें प्रकरण पुणें शहरांत घडलें. परंतु संस्थेचें नांव पुढें मुक्तेश्वराशीं जोडलें गेल्यामुळें तें बहुतेक विस्मृतींत गेलें आहे. तें पुनः नोंदविणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रोगाविषयीं. घोडे, उंट, खेचरें व कुत्रीं यांस होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगांत ताप येऊन जाऊन राहतो, जनावर रक्तहीन होऊन झिजतें, पायांवर व पोटाखालीं सूज उतरते, आणि घोडा तर उपचारावांचून बहुधा दगावतो. हें नांव देशी आहे. पंडितांनीं नव्हे, तर जनावरें बाळगणाऱ्या लोकांनीं तें रूढ केलें. इ. स. १८८० मध्यें ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यास डेरा इस्माइलखान येथें आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारे सूक्ष्म जंतु आढळले. मोठ्या माशीच्या चाव्यानें हा रोग होतो, असा तेथील लोकांचा समज असल्याचेंहि त्यानें नोंदविलें. तत्पूर्वीं दोन वर्षें, १८७८ सालीं, टिमथी लुइस यास कलकत्त्यास उंदरांच्या रक्तांत याच जातीचे जंतु दिसले होते. पण ते उंदरांस फारसे बाधक नसल्यानें रोगाशीं त्यांचा संबंध जोडण्याचें कारण पडलें नाहीं. इव्हान्सचें म्हणणें मात्र असें होतें कीं, रक्तांतील जंतु हेंच रोगाचें कारण आहे. तें अधिकाऱ्यांच्या गळीं उतरण्यास पुष्कळ काळ लागला.

येथें मुंबई इलाख्याचा संबंध येतो. जॉन हेन्री स्टील यानें १८८५ सालीं ब्रह्मदेशांतील खेचरांच्या सांथींत हाच जंतु पाहून त्यास इव्हान्सचें नांव दिलें. आणि परळ येथें १८८६ सालीं उघडलेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा तोच पहिला प्राचार्य झाला. त्यानंतर तीन वर्षांनीं, ९ डिसेंबर १८८९ या दिवशीं, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेंत, ‘इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. पशुरोगांच्या संशोधनासाठीं हिंदुस्थानांत निघालेली ही मध्यवर्ती प्रयोगशाळा. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याचा घोड्यांच्या सर्रा रोगावरील अहवाल १८९३ सालीं मुंबईंत छापून प्रसिद्ध झाला. त्याच सालीं प्रयोगशाळा कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवर, हलविण्यांत आली. संसर्गजन्य रोगांचें काम मोठ्या वस्तीपासून दूर व थंड हवेंत व्हावें हा त्यांतील हेतु होता. आज इज्जतनगर येथें असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. या तारखा एकापुढें एक मांडल्या म्हणजे लिंगार्डच्या पहिल्या अहवालामागील काम पुण्याच्या मुक्कामांतील ठरतें, आणि सर्रा-संशोधनाचा आरंभ मुक्तेश्वराच्या नांवावर मांडणें कालविपर्यासाचें होतें.

त्या काळीं हा जंतु राखावयाचा कसा? कांचेच्या नळींत तो वाढविण्याची विद्या तेव्हां कोणासच अवगत नव्हती. रोगी जनावराचें रक्त घेऊन निरोग्यास टोंचावयाचें, तें आजारी पडलें कीं त्याचें रक्त तिसऱ्यास. घोडा, कुत्रा, ससा, गिनीपिग अशी ही सांखळी चालवावयाची. एक कडी तुटली कीं वंश खुंटला. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस ही पद्धत अपरिचित वाटूं नये. पोथी जीर्ण होण्यापूर्वीं तिची नक्कल करावयाची, नकलेची पुनः नक्कल. आणि मूळ प्रत तर केव्हांच नाहींशी झालेली. यांत जो दोष पोथ्यांस लागतो तोच येथेंहि लागतो. लेखकाच्या हातून अक्षरें गळतात, पाठ बदलतात. त्याचप्रमाणें जनावरांतून जनावरांत फिरविलेला जंतु त्या त्या जनावराच्या रक्तास सरावतो, आणि मूळचे कांहीं गुण हरवून बसतो. शंभराव्या पिढींतील जंतु पहिल्यासारखाच आहे असें गृहीत धरणें, म्हणजे शंभराव्या नकलेस मूळ संहिता म्हणणें होय.

कांचपात्रांतील संवर्धनाचा मार्ग १९०३ च्या सुमारास अमेरिकेंतील नोव्ही व मॅक्नील यांनीं उघडला. सशाचें रक्त मिसळलेल्या अगरावर त्यांनीं उंदराच्या रक्तांतील लुइसचा जंतु वाढवून दाखविला. पुढें १९०८ त निकोल यानें हें संवर्धद्रव्य सोपें केलें, आणि तिघांच्या नांवांवरून तें ‘एन. एन. एन.’ या नांवानें प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांत लेनर्ड रॉजर्स यानें १९०४ सालीं काळा-आजाराच्या रोग्याच्या प्लीहेंतील रक्त सायट्रेट घालून, शरीराच्या उष्णतेहून बऱ्याच थंड जागीं ठेविलें. तेव्हां शरीरांत वाटोळा दिसणारा तो जंतु लांबट होऊन त्यास चाबकासारखें शेपूट फुटलेलें आढळलें. थंड जागीं त्याचें रूप पालटतें, यावरून त्याच्या आयुष्याचा एक भाग एखाद्या कीटकाच्या पोटांत जात असावा, असें अनुमान निघालें. अनुमान खरें ठरलें. मात्र रॉजर्सला संशय ढेंकणाचा होता, आणि अपराधी निघाली वाळुमाशी. स्वामिनाथ, शॉर्ट व अँडर्सन यांनीं १९४२ सालीं तें निर्विवाद सिद्ध केलें.

याच विद्येंत मुंबईचे डॉ. राघवेंद्र राव (इंग्रजींत ते आपलें आडनांव ‘रो’ असें लिहीत) यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यांनीं त्वचेवरील प्राच्यव्रणाचा जंतु संवर्धनांत वाढवून त्याच्या अवस्थांचें वर्णन १९०९ सालीं प्रसिद्ध केलें. १९१२ मध्यें रक्तरंजक मिसळलेल्या मिठाच्या पाण्याचें एक साधें संवर्धद्रव्य त्यांनीं सुचविलें, आणि संवर्धित जंतूंपासून केलेली लस त्याच व्रणावर उपयोगांत आणून पाहिली. दुर्मिळ सामग्रीची वाट न पाहतां हाताशीं असलेल्या वस्तूंतून मार्ग काढण्याची त्यांची रीत कौतुकास्पद आहे.

सर्रा रोगाचा जंतु मात्र या सर्वांत हट्टी. त्याचें प्राणिसंक्रामक रूप कांचेंत टिकवून वाढविण्याची खात्रीची रीत बाल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ त दिली. या हट्टाचें मूळ त्याच्या वंशेतिहासांत आहे. आफ्रिकेंतील त्याचे आप्त त्सेत्से माशीच्या शरीरांत रूपांतर पावून वाढतात. हा जंतु त्या माशीच्या प्रदेशाबाहेर पडला. घोडमाशीच्या सोंडेस लागलेलें ओलें रक्त एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातें, इतकेंच आतां त्याचें वाहन. रॉजर्सनें १९०१ सालीं तें प्रयोगानें दाखविलें होतें. माशीच्या शरीरांत जगण्यास लागणारा वंशद्रव्याचा एक भाग तो गमावून बसला आहे. प्रयोगशाळेंतील सांखळीनें जें थोड्या वर्षांत घडतें, तेंच निसर्गानें दीर्घ काळांत घडविलें: हा जंतु स्वतःच एक पान गळालेली प्रत आहे.

नकलांच्या या दोषावर अखेर उपाय सांपडला तो अतिशीत जतनाचा. १९४९ सालीं पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांस असें आढळलें कीं, ग्लिसरीन मिसळल्यास जिवंत पेशी गोठवूनहि मरत नाहींत. १९५७ मध्यें पोल्ज व सोल्टिस यांनीं हीच युक्ति या जातीच्या जंतूंवर योजिली. द्रवरूप नायट्रोजनांत, उणें १९६ अंशांवर, जंतूंचें आयुष्य जणूं थांबतें. पिढ्या पुढें सरकत नाहींत, आणि पाठभेदहि होत नाहींत. लम्स्डेन व हार्डी यांनीं १९६५ त अशा गोठविलेल्या सांठ्यास स्वतंत्र संज्ञा देऊन एक शिस्त घालून दिली: कोणत्या जनावरांतून, कोठें, केव्हां घेतला व मध्यें किती पिढ्या गेल्या, हें प्रत्येक नळीबरोबर नोंदलेलें असावें. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव, शक व तिथि देतो, त्याच तोडीची ही पुष्पिका होय. पुष्पिकेवांचून पोथी जशी अर्धी मुकी, तशीच नोंदीवांचून नळी. पुण्यास या जतनविद्येची परंपरा पुढेंहि चालू राहिली. १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रांत के. आर. पी. सिंग यांनीं १९६७ त डांसांच्या अळ्यांपासून पेशींचे वंश तयार केले, आणि गणेशखिंडींतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत पेशींचें राष्ट्रीय भांडार आहे.

हा केवळ जुन्या घोड्यांचा इतिहास आहे असें कोणी म्हणूं नये. मनुष्याच्या रक्तांत या जंतूंस मारणारें एक द्रव्य असल्यामुळें सर्रा माणसांस होत नाहीं, असा समज होता. २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हाच जंतु आढळला, आणि सुरामिन या औषधानें तो बरा झाला. त्याच्या शरीरांत तें रक्षक द्रव्य जन्मतःच नव्हतें, असें २००६ त सिद्ध झालें. सव्वाशें वर्षांपूर्वीं घोड्यांत पाहिलेल्या जंतूची ओळख पटण्यास जुनीं वर्णनें व राखलेले वंश किती उपयोगी पडतात, याचा हा दाखला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हे ग्रंथ कलकत्त्यास छापले गेले आहेत. परंतु त्यांतील एखाद्या ज्वराचें वर्णन पाहून त्यास एकदम सर्रा म्हणणें अशास्त्रीय होईल. ज्वराचीं लक्षणें अनेक रोगांत समान असतात, आणि रक्त पाहिल्यावांचून निर्णय होत नाहीं. पागांचीं दप्तरें, शिलेदारांचे अर्ज, घोडीं मेल्याच्या याद्या हीं साधनें त्याहून अधिक उपयोगी. त्यांत मृत्यूचा महिना पावसाळ्याचा किंवा त्याच्या लगतचा, ताप येऊन जाऊन राहणारा, आणि सूज पायांस व पोटाखालीं, हीं तीन लक्षणें एकत्र आढळल्यास सर्र्याचा संभव मानावा. संभव, निश्चय नव्हे. असे कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची मितीसह नक्कल प्रसिद्ध करावी, आणि नक्कल करतांना एकहि अक्षर सुधारूं नये.