खजाना बावडी: ना मोट, ना इंजिन
बीडच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, जहागीरदार सलाबतखानाने ती राजा भास्कर यांच्याकडून बांधून घेतली. दोन भुयारांतून पाणी आत येते, तिसऱ्यातून उताराने आपोआप शेतांकडे जाते. बैल नको, डिझेल नको! (हा इतिहास की भूगोल, असे वर्गात मुले विचारीत.) आमच्या लहानपणी मोट होती, मग इंजिन आले, मग विजेची मोटार. ती वीज मुख्यतः कोळशाची. जिल्ह्यातलेच परळीचे औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले! सगळीकडे उतार नसतो, मान्य. पण बालाघाटाच्या पायथ्याशी विहीर घेताना तो कुणी मोजतो तरी का?