ठसा आणि माप

जुईनगरच्या दातांच्या दवाखान्यांत काढती-घालती अर्धी कवळी करण्यापूर्वी 'माप' घेतात. आम्ही त्यास ठसा म्हणू, कारण त्याचा इतिहास ठशाचा आहे. एकोणिसाव्या शतकात तो प्लास्टरचा असे. उरलेल्या दातांच्या फुगवट्यांत अडकलेले कठीण प्लास्टर तोंडातच फोडून तुकडे बाहेर जुळवावे लागत. पुढे अगरचा लवचीक ठसा आला. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) जपानी अगर मिळेनासे झाले, तेव्हा तपकिरी समुद्रशेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटने त्याची जागा घेतली. हा ठसा न मोडता निघतो. मात्र सुकताच आकसतो, म्हणून त्यात त्वरित प्लास्टर ओततात. साहित्यात 'ठसा' म्हणजे चिरस्थायी खूण. येथे ठसा नाशवंत; टिकते ती त्यातून घडलेली, दातांबरोबर त्यांच्या रिकाम्या जागाही जपणारी प्रतिकृती.