लांगदॉकच्या कालव्यांतून नऊ दिवस

1787 सालच्या मे महिन्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका परदेशी प्रवाशानें आपल्या घोडागाडीचीं चाकें उतरवून ठेवलीं आणि चाकांवांचूनची ती गाडी एका हलक्या होडीच्या पाठीवर चढविली. होडीला दोर बांधला, दोर घोड्याला जोडला. घोडा कांठाच्या वाटेनें चालूं लागला आणि त्याच्या मागोमाग पाण्यावरून गाडी निघाली. कांचा उघड्या ठेवून आंत बसावें, वाचावें, लिहावें. पाय आंखडले कीं कांठावर उतरून होडीबरोबर चालावें, असा त्याचा क्रम. हा प्रवासी म्हणजे टॉमस जेफर्सन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यानें लिहिला आणि पुढें 1801 सालीं जो तेथील राष्ट्राध्यक्ष झाला, तोच. त्या वेळीं तो पॅरिसमध्यें आपल्या देशाचा वकील होता. आदल्या वर्षीं त्याचा उजवा मनगट दुखावला होता. एक्स या गांवच्या ऊन पाण्याचा उपचार घेण्याचें निमित्त काढून तो दक्षिणेस आला, आणि हाताला गुण येईना तेव्हां गुण येण्याची वाट न पाहतां कालवा पाहावयास निघाला.

कालवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो पाटाचा कालवा. खडकवासल्याचें पाणी पुण्याच्या बाजूनें शेतांकडे नेणारा मुठेचा कालवा आपण ओळखतों. त्यांत पोरें डुंबतात, म्हशी बसतात. होडीचें तेथें काम नाहीं. लांगदॉकचा कालवा, ज्याला आज मिदीचा कालवा म्हणतात, तो होड्यांसाठींच खणलेला आहे. तुलूज शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या तो नांवाच्या खाजणापर्यंत त्याची लांबी सुमारें 240 किलोमीटर. तुलूजपासून गारोन नदी अटलांटिक महासागरास मिळते. म्हणजे नदी आणि कालवा मिळून फ्रान्सची कंबर एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पाण्यानें बांधली गेली. स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनींतून जाण्याची यातायात टळावी, हा मूळ हेतु. तो पुरतेपणीं कधींच साधला नाहीं, कारण मोठीं गलबतें या कालव्यांत मावतच नाहींत. धान्य, दारू आणि माणसें यांची वाहतूक मात्र भरपूर झाली.

शाळेंत भूगोल शिकवीत असतां मुलें एक प्रश्न हटकून विचारीत, कीं पाणी चढ चढतें कसें? उत्तर असें, कीं पाणी चढत नाहीं, होडी चढते. वाटेंत दोन दारांचे दगडी हौद बांधलेले असतात. त्यांना लॉक म्हणतात. होडी खालच्या दारानें आंत आली कीं तें दार लावावयाचें, वरचें पाणी हौदांत सोडावयाचें. पाण्याबरोबर होडी वर येते आणि वरच्या दारानें पुढें जाते. उतरतांना याच्या उलट. युक्ति सोपी, पण हिशेब केला म्हणजे तिची खोड कळते. चढावरून जाणारी प्रत्येक होडी माथ्यावरचें हौदभर पाणी या अंगाला आणि हौदभर त्या अंगाला खालीं घेऊन जाते. माथा जर कोरडा, तर कालवा कोरडा. रोमन काळापासून या कालव्याचीं स्वप्नें पाहिलीं गेलीं, असें म्हणतात. तीं सर्व या एका गोष्टीपाशीं अडत होतीं. नोरूझच्या खिंडीपाशीं हा माथा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारें 190 मीटर उंच. तेथें पाणी आणावयाचें कोठून?

हें कोडें ज्यानें सोडविलें तो प्येर-पोल रिके हा धंद्यानें इंजिनियर नव्हता. मिठावरील कराचा मक्तेदार होता. मिठाचा कर वसूल करतां करतां त्यानें गडगंज पैसा मिळविला आणि मुलूखही पायाखालीं घातला. काळा डोंगर या नांवाच्या रांगेंतील ओढे अडवून, त्यांचें पाणी लांब चरांनीं नोरूझला आणतां येईल, हें त्याच्या ध्यानांत आलें. ते ओढे दाखविणारा पाण्याचा जाणता माणूस रव्हेल गांवचा प्येर कांपमा. 1662 सालीं रिकेनें राजाचा मंत्री कोल्बेर यास पत्र लिहिलें. 1666 सालीं चौदाव्या लुईचें फर्मान निघालें. सें-फेरेओल येथें मोठें धरण बांधलें गेलें. त्याच्या तलावांत 60 लक्ष घनमीटरांहून अधिक पाणी राहतें.

कामावर एके काळीं बारा हजारांच्या घरांत माणसें होतीं, आणि त्यांत बायाही पुष्कळ. महिन्याचा पगार बांधलेला. पाऊस, सुटी किंवा आजार यांचा खाडा धरीत नसत. त्या काळीं ही गोष्ट अपूर्वच. मात्र हिशेबाच्या वहींत तीन बायांचीं डोकीं दोन धरलीं जात! अलीकडच्या एका अमेरिकन विदुषीनें 2009 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें मांडलें आहे, कीं पिरेनीज पर्वतांतून आलेल्या या बायांनीं नुसती माती वाहिली नाहीं. डोंगरांत पाणी वळविण्याचें पिढीजात ज्ञानही त्यांनींच कालव्यास दिलें. मला हें म्हणणें पटतें. पाणी कोठून वाहतें हें पाणी भरणारीला ठाऊक असणारच.

आणि पैसा? कांहीं राजाचा, कांहीं प्रांताचा, कांहीं रिकेच्या पदरचा. पदरचा म्हणजे पुन्हां मिठाचा. फर्मानाबरोबर त्याला कराचे मक्ते मिळाले, त्यांत नुकत्याच फ्रान्सकडे आलेल्या रूसियों प्रांतातील मिठाचा करही होता. त्या डोंगराळ मुलखांत हा कर पूर्वीं नव्हता. लोकांनीं 1667 पासून पुढें कित्येक वर्षें बंड केलें. मिठाचा कर काय असतो हें, 1930 सालीं शिरोड्याच्या मिठागरावर मार खाणाऱ्या लोकांच्या या प्रांताला वेगळें सांगावयास नको. रिकेचा गौरव करणारे लेखक हें प्रकरण दोन ओळींत उरकतात. मला तें उरकतां येत नाहीं. कालव्याचें पाणी गोडें असलें तरी त्याच्या पायांत मीठ आहे.

रिकेलाही तें पचलें नाहीं. कोल्बेरचा विश्वास उडत गेला, पैसा रेंगाळूं लागला. बेझिएच्या अलीकडे मालपासची टेकडी ठिसूळ निघाली आणि काम थांबविण्याचा हुकूम सुटला; तेव्हां रिकेच्या माणसांनीं गाजावाजा न करतां टेकडी आरपार पोखरून हुकमाआधींच वाट काढली, असें सांगतात. तें सुमारें 165 मीटरांचें बोगद्याचें तोंड आजही होडीवाल्यांना गिळून पलीकडे सोडतें. बेझिएला फोंसेरान येथें एकाला एक लागून आठ हौदांचा जिना आहे; साडेएकवीस मीटरांचा उतार त्यानें तोडला. लॉकच्या भिंती प्रथम सरळ बांधल्या त्या मातीच्या रेट्यानें ढांसळल्या; म्हणून पुढें त्या अंड्याच्या आकाराच्या केल्या. 1 ऑक्टोबर 1680 रोजीं रिके वारला. थोडेंसेंच काम राहिलें होतें. मे 1681 मध्यें कालवा खुला झाला तेव्हां त्याच्या मुलांच्या वांट्यास मान आला आणि वीस लक्ष लीव्रांहून अधिक कर्जही आलें. तें निवारून नफा दिसूं लागावयास चाळीसांवर वर्षें गेलीं.

पुढें 1800 सालीं आंद्रेओसी नांवाच्या सेनापतीनें ग्रंथ लिहून, कालव्याचा खरा कर्ता आपला पूर्वज, रिकेच्या हाताखालचा इंजिनियर फ्रांस्वा आंद्रेओसी, असा दावा मांडला. रिकेचे वंशज चवताळून उठले. कागदोपत्रीं पाहतां कल्पना आणि जोखीम रिकेची, नकाशे व मोजमाप पुष्कळसें आंद्रेओसीचें, असाच निवाडा करावा लागतो.

आपला प्रवासी हें सारें शंभर वर्षांनंतर पाहत चालला होता. सर्वसाधारण उतारू टपालाच्या होडीनें जात. तुलूज ते आग्द चार दिवस लागत. जेवणाचे आणि मुक्कामाचे थांबे ठरलेले. जेथें हौदांचा जिना येई तेथें उतारूंनीं सामानासह उतरून पलीकडच्या होडींत बसावयाचें, कारण पाणीही वांचे आणि वेळही. जेफर्सनला अशी घाई नव्हती. नऊ दिवसांपैकीं एक दिवस तर त्यानें होडी सोडून घोड्यावरून चाळीस मैलांची रपेट काळ्या डोंगरांत केली, आणि माथ्यावरचें पाणी येतें कसें तें डोळ्यांनीं पाहिलें. निव्वळ मौजेसाठीं आलेला पाहुणा असें करीत नसतो. आपल्या लेकीला मात्र त्यानें होडींतूनच पत्र लिहिलें, त्यांत निरभ्र आकाश, निवळ पाणी आणि दोन्ही तीरांवर गाणाऱ्या बुलबुलांचें कौतुक आहे.

त्याच्या टिपणांत लॉकवरील बायाही येतात. बहुतेक लॉक बायाच सांभाळतात आणि हें काम त्यांच्या शक्तीबाहेरचें आहे, असें तो नोंदवितो. दार उचलण्यांत किती वेळ वायां जातो याचाही विचार करतो. हळहळ खरी असेल. परंतु ती वाचतांना हेंही आठवतें, कीं याच गृहस्थाच्या व्हर्जिनियातील जमिनीवर त्या दिवशींही गुलाम राबत होते, त्यांत बाया होत्या, आणि त्यांना मजुरीच्या वहींत दोन-तृतीयांश डोकेंही मिळत नव्हतें.

पुढल्या वर्षीं, 2 मे 1788 रोजीं, त्यानें हीं टिपणें जॉर्ज वॉशिंग्टनला धाडलीं. वॉशिंग्टन तेव्हां पोटोमॅक नदी होड्यांस सुगम करण्याच्या कंपनीचा अध्यक्ष होता. ती कंपनी पुढें 1828 सालीं बुडाली. लांगदॉकचा कालवा मात्र आगगाडी आल्यावरही तग धरून राहिला. मालाची वाहतूक विसाव्या शतकाच्या अखेरीस संपली. 1996 सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशांत घेतलें. आतां तेथें हौशी पाहुणे भाड्याची लहान होडी घेऊन, परवान्यावांचून, स्वतःच सुकाणू धरतात.

त्यांच्या डोक्यावर ज्या चिनार जातीच्या झाडांची कमान असते तीं जेफर्सननें पाहिलेलीं नव्हेत; तीं एकोणिसाव्या शतकांत लावलेलीं. सुमारें 42 हजार झाडें होतीं. 2006 सालीं त्यांवर एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लांकडी पेट्यांतून ती बुरशी युरोपांत आली, असें मानतात. उपाय नाहीं. रोगट झाडें तोडून जाळावीं लागतात, आणि तींही हजारोंनीं. त्यांच्या जागीं निरनिराळ्या जातींचीं रोपें लावीत आहेत, म्हणजे एकाच रोगानें पुन्हां सगळीं जाऊं नयेत. तोंवर कांहीं टप्प्यांत होडीला उन्हांतूनच जावें लागतें.