गाठीची चोळी, हुकाचं ब्लाउज आणि शिवणीतली माया

लग्नसराई आली की आमच्या बचत गटाच्या शिवणकेंद्रात नव्या शिलाईइतकीच फिटिंगची कामं येतात. नवरीचं ब्लाउज छातीत आवळतं, बाही दंडात रुतते, गळा खांद्यावरून घसरतो. मग घरातलं कुणीतरी मुलीलाच सुनावतं, "जरा जेवण कमी कर." आज आपण या तक्रारीचा इतिहास पाहू. ती फार जुनी नाही. खेड्यातल्या आपल्या पणजीला ती ठाऊकच नव्हती.

पणजीची चोळी खणाची. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड. आजच्या कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला ते हातमागावर विणलं जाई, आपल्या बाजारात येई आणि ओटीत पडे. या चोळीला पुढे हूक नसत. दोन टोकं घ्यायची आणि छातीखाली गाठ मारायची. अंग भरलं की गाठ सैल, बारीक झालं की घट्ट. नऊवारी तर शिवलेलीच नसते. बाह्या आणि पाठ शिवलेल्या असल्या तरी घेर ठरवणारी गाठ बाईच्या स्वतःच्या हातात होती. लग्नातली चोळी बाळंतपणानंतरही अंगात येई, ती त्यामुळेच.

मग शिवणयंत्र आलं. अमेरिकेत एलियास होव यांनी 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये पेटंट घेतलं. एकोणिसावं शतक संपण्याआधी ही यंत्रं आपल्याकडे विकली जाऊ लागली. त्याच काळात बायका घराबाहेर, सभा-शाळांत जाऊ लागल्या होत्या आणि पोशाख बदलत होता. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमध्ये गेलेले पहिले भारतीय. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या, तेव्हा त्यांनी पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि आपलीशी करून बंगालात नेली. साडीखाली परकर आणि वर शिवलेलं ब्लाउज, असा पोशाख हळूहळू रुळला. आपल्याकडे त्याला कुणी पोलकं म्हणालं, कुणी झंपर.

गाठ गेली, हूक आले. हुकाची जागा एकदा ठरली की ठरली. चोळी अंगाप्रमाणे सैल-घट्ट होई, आता ब्लाउजच्या मापात अंगानं राहायचं, असं होऊन बसलं. मुलीला जेवण कमी करायला सांगणं तिथून सुरू झालं, असं आम्हाला वाटतं.

पण त्याच यंत्रानं बायकांना कमाईही दिली. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनात बायका शिवण शिकल्या. यंत्रांबद्दल कडक मतं असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं.

गाठीनं जे साधत होतं, ते साधायला शिंप्यांनी एक युक्ती ठेवली. शिवणीच्या आत जादा कापड सोडायचं. या कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. किती नेमका शब्द! बाहेरून दिसत नाही, पण वेळेला उपयोगी पडते. हिशोब सोपा आहे. ब्लाउजला दोन बाजूंच्या दोन शिवणी आणि प्रत्येक शिवणीत पुढचा-मागचा मिळून दोन पदर. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला, तरी घेर दोन इंचांनी वाढतो.

हल्ली ओव्हरलॉक मारताना कडेची माया छाटली जाते आणि मग काहीच करता येत नाही. म्हणून कापड बेतायच्या आधीच सांगा, "बाजूला आणि बाहीत माया ठेवा." घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हार घालतो तसे दोन्ही हात वर करा, खाली बसून पाहा. मुंढ्यात ओढतंय का, ते तेव्हाच कळतं. लग्नाच्या आदल्या दिवसावर हे काम ढकलू नका, आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. रेशमात जुन्या टाक्यांची भोकं दिसतात आणि आतलं कापड जास्त गडद निघतं, तेव्हा आधी थोडंसंच उसवून पाहा.

शिवणाऱ्या मैत्रिणींनाही सांगणं आहे. उसवायला वेळ लागतो, डोळे लागतात. "एवढंसंच तर काम" म्हणून ते फुकट करून देऊ नका. फिटिंगचा दर वेगळा सांगा आणि वहीत लिहा.

आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं, शिवण उसवून पुन्हा घालता येते. लग्नाच्या तोंडावर मुलीला उपाशी ठेवायचं काही कारण नाही. आईच्या लग्नातलं ब्लाउज लेकीला बसावं असं वाटत असेल, तर आज शिवताना दोन बोटं माया जास्त सोडा.