नागपाड्यावरून जाणारी मिरवणूक

माझा जन्म गिरगावातला. केशवजी नाईकांची चाळ आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली तिथे बसला, हे आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं. टिळक १९०१ मध्ये त्या चाळीत येऊन गेले, ते कुठे उभे राहिले असतील यावर आम्ही पोरं भांडायचो. अनंत चतुर्दशीला दुपारी जेवणं उरकली की गॅलरीतल्या जागा धरायच्या, कठड्यावर चटई टाकून ठेवायची, आणि रात्री उशिरापर्यंत खालून गुलालाची लाट वाहताना बघायची. पुढे मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पण ज्या मिरवणुकीवर मी लहानाची मोठी झाले, तिचा निम्मा इतिहास मला शाळेने सांगितला नाही. तो माझ्या आजीच्या तव्यावरून सुरू झाला.

आजी कडेगावच्या बाजूची, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातली. मोहरम आला की ती गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, जाडसर लाटून वर बोटांचे ठसे उठवायची आणि चोंगे भाजायची. गिरगावातल्या ब्राह्मण-सोनारांच्या चाळीत मोहरमला गोडधोड होणारं बहुधा आमचंच एक घर. आईला ते थोडं अवघड वाटायचं. आजी म्हणायची, "चोंगं भाजल्याबिगर मोहरम जातोय व्हय?" तिच्या मुलखात आजही पिराचे पंजे बसतात. कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांतले काही हिंदू घराण्यांचे आहेत, आणि ताबुतांच्या भेटी बघायला सगळा तालुका लोटतो. तिला त्यात काही विशेष वाटायचंच नाही. मुंबईत आल्यावर तिला विशेष वाटलं ते एवढंच, की इतक्या मोठ्या शहरात मोहरमचे ताबूत रस्त्यावर कसे नाहीत?

तळमजल्यावर एक म्हातारे कंपॉझिटर राहायचे. आजीचा हा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "होते की! मी फकीर झालो होतो." त्यांच्या आईची आधीची मुलं जगत नव्हती. तिने मोहरमचा नवस बोलला. मग हा पोर दरवर्षी त्या दहा दिवसांत हिरवा कपडा आणि गळ्यात लाल-हिरवा नाडा घालून, झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागायचा. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही, पण ते चांगले चित्पावन होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. त्या नाड्याचा रंग सांगताना त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला होता, ते मला अजून दिसतं.

मोहरम हा मुळात सण नव्हे, शोक आहे. करबलाच्या रणात हुसेन आणि त्यांची माणसं मारली गेली, त्यांची ती आठवण. डोंगरीतले इराणी लोक, ज्यांना मुंबई 'मुघल' म्हणायची, तो शोकासारखाच पाळत. त्यांची मुघल मशीद १८६० ची. शिया पंथीयांची दहाव्या दिवसाची मिरवणूक आजही काळ्या कपड्यांत माझगावच्या रहमताबाद कबरस्तानापर्यंत जाते. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा मोठा मोहरम होता तो मोहल्ल्यांचा. रंगारी मोहल्ला, कोळसा मोहल्ला, तेली गल्ली अशा प्रत्येक वस्तीचा आपला ताबूत आणि आपली टोळी. वर्गणी काढायची, बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद-बेगड घेऊन ताबूत उभा करायचा, रात्री ताशे बडवत दुसऱ्या मोहल्ल्यावरून जायचं, वाघांची सोंगं काढायची, आपला ताबूत पलीकडच्यापेक्षा उंच हे सिद्ध करायचं. दहाव्या दिवशी सगळे ताबूत वाजतगाजत पाण्याकडे निघत. विणकर, गोदीतले हमाल, गाडीवान, रंगारी अशी हातावर पोट असलेली माणसं त्या दिवशी शहराच्या रस्त्यांची मालक होत.

हे वर्णन वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? माझ्या डोळ्यांपुढे लालबाग आलं.

देव आपला आहे आणि विसर्जनही आपलं आहे, याबद्दल मला शंका नाही. घरचा गणपती विहिरीत, नदीत, समुद्रात पोचवणं फार जुनं. या बंदराला तर पाण्यापाशी मिरवत जायची सवयच होती. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत निघतो, तो दर्याला अर्पण होतो आणि पावसाळ्यात बांधून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. पण वस्तीवस्तीने वर्गणी काढून मांडव घालायचा, तरुणांनी एकसारखे कपडे करून मेळे काढायचे, आळीआळीने चढाओढ करायची आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकाच रस्त्याने पाण्याकडे जायचं, हा सगळा साचा या प्रांतात आधीपासून तयार होता. तो ताबुतांचा होता. त्यात हिंदूंचा हात होता, म्हणूनच तो आपल्याला इतका सहज जमला. सार्वजनिक गणेशोत्सवाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे साम्य पूर्वीच नोंदलेलं आहे. आपण मात्र ते मोठ्याने म्हणत नाही.

न म्हणण्याचं कारणही इतिहासात आहे, आणि ते कडू आहे. शुक्रवार, ११ ऑगस्ट १८९३ रोजी दुपारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीजवळ दंगल पेटली आणि शहरभर पसरली. पाऊणशेच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर महिनाभराने गणेशचतुर्थी होती. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, पुण्यात हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली, आणि मेळ्यांच्या पदांतून ताबूत सोडा, गणपती धरा असं उघड सांगितलं गेलं. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. लोकांना एकत्र आणायचं तर उत्सवाच्या रस्त्याने जायला हवं, हे त्यांच्याइतकं कुणी ओळखलं नव्हतं. पण ज्या रस्त्यावर दोघं बरोबर चालत होते, तिथून एकाला बाजूला घेतलं गेलं, हेही खरं आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला यातलं एकच सांगून चालत नाही.

मुंबईचे ताबूत त्यानंतरही निघत होते. ते संपले पोलिसांच्या हुकुमाने. टोळ्यांची भांडणं आणि बोहरी वस्तीवरून जाताना होणाऱ्या चकमकी वाढत गेल्या. १९११ च्या मोहरममध्ये लष्कर बोलावलं गेलं आणि गोळीबार झाला. त्या वेळचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स. हा माणूस मुंबईच्या गल्ल्या इतक्या बारकाईने जाणत होता, की त्याने या शहरावर पुस्तकं लिहिली. त्याने १९१२ मध्ये नवे नियम केले. टोळ्यांची रात्रीची फिरती बंद, ताबुतांच्या वाटांवर बंधनं. मोहल्ल्यांनी रागाने परवानेच घेतले नाहीत. ताबूत जागच्या जागी राहिले आणि मिरवणूक थांबली. पुढे निवृत्त झाल्यावर लिहिलेल्या मुंबई पोलिसांच्या इतिहासात एडवर्ड्स याचं समाधान मानतो. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं, कारण गोळीने मेलेली माणसं पुन्हा उठत नाहीत. पण ती शंभराहून अधिक वर्षांची मिरवणूकही पुन्हा उठली नाही.

हे फक्त मुंबईतच झालं असं नाही. त्रिनिदाद बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेलेली आपल्याकडची माणसं तिथेही ताबूत काढत, आणि त्यांत बहुसंख्य हिंदू असत. १८८४ मध्ये तिथल्या इंग्रज सरकारने त्यांना शहराचे रस्ते बंद केले आणि सान फर्नांडो गावाच्या वेशीवर गोळ्या घातल्या. तिथला मोहरम मात्र टिकला. त्याला 'होसे' म्हणतात, आणि त्यात वाजणाऱ्या वाद्याचं नाव अजून 'तासा' आहे. आमच्या चाळीसमोर दरवर्षी जो कडाडतो तोच ताशा.

पोलिसांबद्दल बोलते आहे तर माहीमचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंधराव्या शतकाच्या पहिल्या भागात होऊन गेलेले मखदूम फकीह अली माहिमी हे कुराणावर भाष्य लिहिणारे मोठे विद्वान. दर डिसेंबरला त्यांच्या उरसात संदलाची पहिली मिरवणूक निघते ती माहीम पोलीस ठाण्यातून, आणि दर्ग्यावर चादर चढवतात ते पोलीसच. मी ती दोनदा पाहिली आहे. गणवेशातला अधिकारी डोक्यावर संदलाचं ताट घेऊन चालतो, पुढे पोलिसांचा बँड असतो. एका हाताने ज्या खात्याने एक मिरवणूक मिटवली, त्याच खात्याने दुसऱ्या हाताने दुसरी जपली. या शहराबद्दल एका वाक्यात काही सांगायला मी धजत नाही, ते अशा गोष्टींमुळे.

वडील प्रिन्सेस डॉकला टॅली क्लार्क होते. गिरगावातून पायधुणीमार्गे पायी जायचे. एका मोहरमला त्यांनी मला बरोबर घेतलं. भेंडी बाजारात जागोजागी सबिली लागल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत देत होते. मी दोन पेले प्यायले. मला मिरवणूक बघायची होती, आणि नव्हती. रस्ता मोकळा होता, फक्त कडेला माणसं उभी. त्या मोकळ्या रस्त्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला.

आता लालबागच्या राजाची वाट आठवा. कोळी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी बाजारासाठी केलेल्या नवसातून १९३४ मध्ये हा गणपती बसला. विसर्जनाला निघाला की तो भायखळ्यात येतो, तिथे अग्निशमन दल भोंगे वाजवून त्याला सलामी देतं. हिंदुस्तानी मशिदीपाशी मुसलमान मंडळी त्याचं स्वागत करतात. मग नागपाडा, डंकन रोड, कुंभारवाडा, सी. पी. टँक, आणि शेवटी ऑपेरा हाऊसवरून गिरगाव चौपाटी, जिथे १९२० मध्ये टिळकांना अग्नी दिला. वीस-वीस तास चालणाऱ्या या मिरवणुकीचा मधला मोठा टप्पा त्या मोहल्ल्यांच्या शेजारून जातो, ज्यांचे ताबूत १९१२ नंतर निघाले नाहीत. टीव्हीवर ती नागपाड्यापाशी आली की मी खुर्चीवरून उठते. तिथल्या गच्च्यांवर, खिडक्यांत, दुकानांच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं दिसतात. कुणी पाणी वाटत असतं. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पणजोबाने याच रस्त्यावर ताशा वाजवला असणार, आणि माझ्या तळमजल्यावरचे आजोबा त्याच्यामागून झोळी घेऊन चालले असणार.

गिरगाव-लालबागची मंडळं दरवर्षी स्मरणिका छापतात. जाहिराती असतात, जमाखर्च असतो, मंडळाचा इतिहास असतो. तो इतिहास बहुतेक वेळा १८९३ च्या गणेशचतुर्थीपासून सुरू होतो. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, या वर्षी त्यात एक पान वाढवा. त्यावर रंगारी मोहल्ला, कोळसा मोहल्ला आणि तेली गल्लीची नावं लिहा, ताबूत कधी थांबले ते साल लिहा, आणि तुमच्या चाळीत एखाद्या पणजीने मोहरमचा नवस बोलला असेल तर तोही विचारून लिहा. विचारायला अजून थोडी म्हातारी माणसं शिल्लक आहेत.