मुदत अधिनियम, १९६३
मुदत अधिनियम, १९६३ हा दिवाणी दावे, अपिले व अर्ज किती काळात दाखल करावेत हे ठरवणारा भारतीय कायदा आहे. व्यवहारात तो ‘मुदतीचा कायदा’ किंवा ‘लिमिटेशन ॲक्ट’ या नावांनी ओळखला जातो. १ जानेवारी १९६४ रोजी अमलात आलेल्या या कायद्याने १९०८चा कायदा रद्द केला. या विषयावरील पहिला कायदा १८५९ साली झाला होता.

मूळ तत्त्व

कलम ३ नुसार मुदतीनंतर दाखल झालेला दावा न्यायालयाने फेटाळणे बंधनकारक आहे. प्रतिवादीने तसा आक्षेप घेतला नसला तरीही. मुदत संपल्याने सामान्यतः दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, परंतु कर्ज नष्ट होत नाही. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले. कामगारांच्या न दिलेल्या वेतनाच्या रकमांशी हा खटला संबंधित होता. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत नियम अधिक कठोर आहे: कलम २७ नुसार ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की मूळ मालकाचा हक्कच संपुष्टात येतो.

प्रमुख मुदती

• हातउसनी रक्कम (फेडीची तारीख ठरली नसल्यास): रक्कम दिल्यापासून ३ वर्षे; मागणी केल्याच्या तारखेपासून नव्हे
• जमीन विक्रीच्या कराराची पूर्तता: करारातील तारखेपासून, तारीख नसल्यास नकार कळल्यापासून ३ वर्षे
• मालकी हक्काच्या आधारे ताबा: प्रतिवादीचा कब्जा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षे
• गहाण मालमत्ता सोडवणे: ३० वर्षे
• बदनामीबद्दल नुकसानभरपाई: १ वर्ष
• एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज: ३० दिवस
• दिवाणी अपील: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस
• हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त: सामान्यतः १२ वर्षे
• अनुसूचीत स्वतंत्र उल्लेख नसलेले दावे: ३ वर्षे

मुदतीची गणना

ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळला जातो. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असल्यास ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. अपिलासाठी हुकूमनाम्याची नक्कल मिळवण्यास लागलेला काळही वगळतात. दावेदार अज्ञान असल्यास तो सज्ञान झाल्यावर मुदत मोजली जाते, मात्र या सवलतीमुळे मिळणारा काळ सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांहून अधिक नसतो. अधिकारिता नसलेल्या न्यायालयात सद्भावनेने व तत्परतेने चालवलेल्या कामकाजाचा काळ कलम १४ नुसार वगळता येतो.

मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून लेखी कबुली दिल्यास, किंवा काही रक्कम फेडून तशी लेखी नोंद केल्यास, नवी मुदत सुरू होते. कोविड साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला.

विलंब माफी

कलम ५ नुसार पुरेसे कारण दाखवल्यास अपील किंवा अर्जाचा विलंब माफ होऊ शकतो. ही तरतूद मूळ दाव्याला लागू नाही. नोटीस पाठवणे, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे वा तंटामुक्ती समितीकडे अर्ज देणे किंवा तडजोडीची बोलणी चालू असणे, एवढ्याने मुदत थांबत नाही.

इतर कायद्यांतील मुदती

काही कायद्यांत याहून कमी मुदत आहे. उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यातील करडी (ता. मोहाडी) येथे कोणी शेताकडे जाणारी वहिवाट बेकायदा अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांकडे ६ महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. बेकायदा हिसकावलेला ताबा मालकी सिद्ध न करता परत मिळवण्याचा, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालील दावाही ६ महिन्यांतच करावा लागतो. महसुली अपिलाची मुदत जिल्हाधिकाऱ्यांहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवस आहे. ग्राहक आयोगाकडील तक्रारीस २ वर्षांची मुदत असते.