झाड राखणे आणि झाड राखून ठेवणे

मराठीतील 'राखणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. शेत राखणे म्हणजे ते गुरापाखरांपासून सांभाळणे. हक्क राखून ठेवणे म्हणजे तो दुसऱ्यास न देणे. महाराष्ट्रातील गावच्या झाडांना मिळालेल्या राजकीय व कायदेशीर संरक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास हे दोन्ही अर्थ त्यात एकमेकांत मिसळलेले आढळतात. ते वेगळे करण्यासाठी प्रत्येक निर्बंधास एकच प्रश्न विचारावा : झाड कोणापासून राखावयाचे?

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील होय. त्यातील झाडांविषयीचा मजकूर पुष्कळदा शिवाजी महाराजांचा प्रत्यक्ष हुकूम म्हणून दिला जातो. वस्तुतः त्यांच्या राजनीतीचा वारसा सांगणारा तो उत्तरकालीन ग्रंथ आहे. हा मजकूर आरमाराच्या प्रकरणात यावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जहाजांस लाकूड हवे असे. सागासारखी झाडे राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावीत. आंबा-फणसांचे लाकूडही उपयोगाचे, परंतु त्यांस हात लावू देऊ नये, असे ग्रंथकार बजावतो. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, हे त्याचे कारण. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे. येथे निषेध आहे तो सरकारी माणसास, आणि संमती मागावयाची ती रयतेची.

एकोणिसाव्या शतकात वाक्याचा कर्ता बदलला. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्ग केले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने पूर्वी जमाबंदी झालेल्या गावांतील झाडांवरचा सरकारी हक्क कब्जेदारास सोडून दिला, मात्र सरकारने राखून ठेवलेली झाडे त्यातून वगळली. 'सोडून दिला' या शब्दांतच मूळ हक्क सरकारचा हे गृहीत आहे. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर जी टीका केली, ती या 'राखीव'पणाची झळ सोसणाऱ्यांच्या बाजूने होती.

झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्र अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, मोह, चिंच यांच्याबरोबर 'आज्ञापत्रा'तील आंबा आणि फणसही आहेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने धारण केलेल्या जमिनीवरील झाडांचा हक्क धारकास दिला. तथापि अनुसूचित झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यकच राहिली. झाडे तीच, पण संमती मागणारा आणि ती देणारा यांच्या जागा उलटल्या.

म्हणून आजचा कायदा अनावश्यक ठरत नाही. लाकडाला बाजार मिळाल्यावर अडचणीतला धनीही आपले झाड विकावयास काढतो. त्या वेळी झाड धन्यापासूनही राखावे लागते. परंतु 'आज्ञापत्र' हे या कायद्याचे मूळ होय, असे मानणे युक्त नाही. त्या ग्रंथाने सत्तेचा हात आवरला. कायद्याने रयतेचा आवरला. वृक्षसंरक्षणाची परंपरा सांगणाऱ्याने या दोहोंपैकी आपण कोणती सांगत आहोत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे.